डॉक्टरच आजारी पडतो तेव्हा

१९५० सालच्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन नौदलाची 'ऑस्ट्रेलिया' ही क्रूझर दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाकडे निघाली. युद्धनौका निघाली होती ती एका माणसाला परत आणायला. बेटावरच्या संशोधन तळावर सर्ज उडोविकॉफ यांना अपेंडिसायटिस झाला होता. त्यांचं ऑपरेशन करायला तिथे कुणी नव्हतं, कारण तळाचे डॉक्टर तेच होते. या प्रकरणानंतर ऑस्ट्रेलियाने नियम केला: अंटार्क्टिकात हिवाळाभर राहणाऱ्या डॉक्टरने निघण्याआधी अपेंडिक्स काढून घ्यायचं, ते ठणठणीत असलं तरी. बाकीच्या तुकडीला ही सक्ती नाही. त्यांचं अपेंडिक्स बिघडलं तर डॉक्टर आहेच की.

ध्रुवीय वैद्यक म्हटलं की हिमदंश आणि काळी पडलेली बोटं डोळ्यांसमोर येतात. पण तिथल्या डॉक्टरांचा इतिहास चाळताना जाणवतं ते हे, की या कामाला वळण देणाऱ्या कितीतरी प्रसंगांत खाटेवर खुद्द डॉक्टरच पडलेला होता.

सुरुवातीची अडचण मात्र वेगळी होती. डॉक्टर होते, पण आजाराचं कारणच ठाऊक नव्हतं. 'बेल्जिका' हे जहाज १८९८ च्या मार्चमध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या बर्फात अडकलं आणि सुटायला वर्ष लागलं. अंटार्क्टिक वर्तुळाच्या आत हिवाळा काढणारी ही पहिली तुकडी. सूर्य मावळला तो सुमारे दोन महिने उगवलाच नाही. माणसं सुजली, हृदयाचे ठोके वाटेल तसे पडू लागले, काहींचं डोकं फिरायची वेळ आली. जहाजाचे डॉक्टर फ्रेडरिक कुक याआधी अमेरिकन ध्रुवशोधक रॉबर्ट पीरींच्या १८९१-९२ च्या मोहिमेबरोबर ग्रीनलंडला जाऊन आले होते. तिथले इनुइट लोक ताजं मांस खाऊन धडधाकट राहतात, हे त्यांनी पाहिलेलं. त्यांनी पेंग्विन आणि सीलचं मांस औषध म्हणून खायला लावलं. मोहिमेचे प्रमुख आद्रियाँ द जर्लाश यांना ते मांस नकोसं होतं, पण अंथरुणाला खिळल्यावर त्यांनीही ते गिळलं आणि उठून बसले. आजाऱ्यांना कुक रोज उघड्या अंगाने शेकोटीसमोर उभं करत, उजेड आणि ऊब मिळावी म्हणून. ताज्या अन्नातल्या 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही होतो, पण त्या जीवनसत्त्वाचा शोध लागायला अजून तीन दशकं होती. (हेच कुक पुढे उत्तर ध्रुव गाठल्याच्या वादग्रस्त दाव्यामुळे गाजले आणि नंतर तेल कंपनीच्या शेअर्सच्या फसवणुकीत तुरुंगात गेले. 'बेल्जिका'वरचं त्यांचं काम त्यामुळे झाकोळलं गेलं, ते मला अन्यायाचं वाटतं.)

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं धाडसी मोहिमांची, आणि त्यांतला डॉक्टर क्वचितच नुसता डॉक्टर असे. ब्रिटिश ध्रुवशोधक रॉबर्ट स्कॉटबरोबर गेलेले डॉक्टर एडवर्ड विल्सन पक्षी अभ्यासत, चित्रं काढत, आणि १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटबरोबरच तंबूत मरण पावले. तो तंबू शोधायला निघालेल्या तुकडीचे नेते होते एडवर्ड अ‍ॅटकिन्सन. ते परजीवी कृमींचे अभ्यासक आणि नौदलातले सर्जन. १९१६ च्या जूनमध्ये एलिफंट बेटावर, उलट्या घातलेल्या होड्यांच्या खोपटात, ब्रिटिश ध्रुवशोधक अर्नेस्ट शॅकल्टनच्या तुकडीतल्या मॅकिलरॉय आणि मॅकलिन या दोन डॉक्टरांनी एका तरुण खलाशाच्या डाव्या पायाची सडलेली बोटं कापली. भूल द्यायला थोडं क्लोरोफॉर्म उरलं होतं. थंडीत त्याची वाफ होईना, म्हणून चुलीत पेंग्विनची कातडी जाळून खोपट तापवलं. इथे निदान दोन डॉक्टर होते.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाने, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेल्या पृथ्वीच्या अभ्यासाने, चित्र पालटलं. मोहिमांच्या जागी बारमाही केंद्रं आली. दहा-बारा माणसं, एक डॉक्टर, आणि समुद्र गोठल्यापासून पुन्हा फुटेपर्यंत कुणी येणार नाही की जाणार नाही. अशाच एका केंद्रावर, सोव्हिएत संघाच्या नवोलाझारेव्हस्कायावर, १९६१ च्या एप्रिलअखेरीस लिओनिद रोगोझोव्ह या २७ वर्षांच्या डॉक्टरच्या पोटात दुखू लागलं. निदान त्याचं त्यालाच करता आलं. मिर्नी हे मोठं सोव्हिएत केंद्र १,६०० किलोमीटरवर, आणि बाहेर हिमवादळ.

३० एप्रिलच्या रात्री तो पाठीला आधार देऊन अर्धवट आडवा झाला. हवामानतज्ज्ञाने हत्यारं हातात द्यायची, मेकॅनिकने आरसा आणि दिवा धरायचा, केंद्रप्रमुखाने बाजूला उभं राहायचं, दोघांपैकी कुणाला भोवळ आली तर. आपण स्वतःच बेशुद्ध पडलो तर कोणतं इंजेक्शन द्यायचं, श्वास कसा द्यायचा, हेही त्याने तिघांना आधीच शिकवून ठेवलं होतं. भूल फक्त पोटाच्या भिंतीत टोचलेल्या नोव्होकेनची. आरशात सगळं उलटं दिसत असल्याने तो घोटाळू लागला. मग हातमोजे काढून, बोटांना लागेल त्या अंदाजाने त्याने काम केलं. वाटेत आतड्याला चुकून इजा झाली, ती शिवली. पुढे दर चार-पाच मिनिटांनी गरगरायला लागलं की काही सेकंद थांबायचं. पावणेदोन तासांनी शेवटचा टाका पडला. बाहेर काढलेल्या अपेंडिक्सच्या बुडाशी काळा डाग होता. आणखी एक दिवस गेला असता तर ते फुटलं असतं, असं त्याचं मत होतं. दोन आठवड्यांत तो कामावर हजर.

ही जागा भारतीयांना परकी नाही. शिर्माखर टेकड्यांच्या त्याच पट्ट्यात, नवोलाझारेव्हस्कायापासून काही किलोमीटरवर, १९८९ पासून भारताचं 'मैत्री' केंद्र आहे. तिथे जाणाऱ्यांची दिल्लीच्या एम्समध्ये शरीराची आणि मनाची तपासणी होते, मग औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फातलं प्रशिक्षण. धडधाकट माणसंच पाठवायची, हा साऱ्या देशांचा पहिला उपाय.

त्यामुळे गंमत अशी होते की डॉक्टरला बराच काळ रुग्णच नसतो. दात, कापलेली बोटं, पाठदुखी, उडालेली झोप, एवढ्यावर महिने निघतात. म्हणून जाण्यापूर्वी तो दात भरायला शिकतो, एक्स-रे काढायला शिकतो, रक्त तपासायला शिकतो. ऑपरेशनची वेळ आलीच, तर मदतीला सुतार किंवा आचारी असतो. ऑस्ट्रेलिया अशा काहींना होबार्टच्या रुग्णालयात दोन आठवड्यांचं शिक्षण देऊन पाठवतो. उरलेल्या वेळात डॉक्टर संशोधन करतो, आणि त्यासाठी हाताशी असलेली माणसं म्हणजे त्याचे सोबतीच. १९६९ मध्ये अ‍ॅडलेड बेटावरच्या ब्रिटिश तळावर, बाहेरचं कुणीही सतरा आठवडे आलेलं नसताना बारापैकी सहा जणांना सर्दी झाली. विषाणू एवढा काळ कुठे दडून होता, या प्रश्नावर शास्त्रीय निबंध लिहिला गेला. फ्रान्स-इटलीच्या काँकॉर्डिया केंद्रावर तर युरोपीय अंतराळ संस्था खास संशोधनासाठी दरवर्षी डॉक्टर ठेवते. ३,२०० मीटर उंची, विरळ हवा, चार महिने अंधार: अंतराळवीरांवर काय बेतेल ते इथे आधी पाहता येतं.

१९९९ मध्ये पुन्हा डॉक्टरचीच पाळी आली. दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्रावर ४१ माणसं होती आणि डॉक्टर होत्या जेरी निल्सन. ऐन हिवाळ्यात त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. वैद्यकाशी संबंध नसलेल्या सोबत्यांना हाताशी घेऊन त्यांनी सुईने गाठीतल्या पेशी काढल्या. त्यांची चित्रं उपग्रहाने अमेरिकेला गेली, पण जुनाट रसायनांमुळे पहिल्यांदा निदान नीट होईना. जुलैच्या अंधारात विमानाने पॅराशूटने सामान टाकलं, त्यात केमोथेरपीची औषधं होती. उतरणं शक्य नव्हतं. उणे पन्नासच्या खाली इंधन आणि यंत्रांतलं तेल दाट होऊ लागतं. मायदेशातल्या कर्करोगतज्ज्ञांच्या ईमेलवरच्या सल्ल्याने उपचार चालले, आणि १६ ऑक्टोबरला हर्क्युलिस विमान त्यांना घेऊन गेलं. पुढे दशकभराने, २००९ मध्ये, त्याच आजाराने त्या गेल्या.

हिवाळ्यात तिथे विमान उतरत नाही, हा समज मोडला तोही एका डॉक्टरसाठीच. २००१ च्या एप्रिलमध्ये त्याच केंद्राचे डॉक्टर रोनाल्ड शेमेन्स्की यांना पित्ताशयातल्या खड्यांचा आणि स्वादुपिंडाच्या सुजेचा त्रास झाला. कॅनडाच्या एका कंपनीचं ट्विन ऑटर हे छोटं विमान अंधारात स्कीवर उतरलं. येताना त्यात नवा डॉक्टर होता, जाताना जुना.