सोमवारची पोटदुखी

माझी भाची दुसरीत आहे. शाळा सुरू झाल्यापासून दर सोमवारी सकाळी तिचं पोट दुखायचं. गणवेश अंगात, एक वेणी घालून झालेली, दुसरी अर्धी, आणि तेवढ्यात ती बेंबीवर तळहात ठेवून खाली बसायची. "इथे दुखतंय." ताप नाही, उलटी नाही. घरी ठेवलं तर साडेदहाला मॅगी मागायची. "नाटकं आहेत नुसती," हा तिच्या बाबांचा निकाल, आणि त्यांच्या लेखी सगळ्यांत भक्कम पुरावा ती मॅगीच. मला तो पुरावा उलट्या बाजूचा वाटतो.

१९५८ साली जॉन ॲपली आणि नोरा नाइश या डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, खेळणं-बिळणं थांबावं इतकं पोट दुखणारी मुलं त्यांनी मोजली, तर ती दहांत एक निघाली. अशा बहुतेक मुलांत शोधूनही रोग सापडत नाही. ॲपलींचा एक ठोकताळा बालरोगतज्ज्ञ अजून सांगतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी रोगाची शंका जास्त.

रोग नाही म्हणजे दुखणं नाही, असं मात्र नव्हे. आपल्या अन्नमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, १० ते ५० कोटी पेशींचं. व्हेगस नावाचा लांबलचक मज्जातंतू ते मेंदूशी जोडतो आणि त्यातले सुमारे ८० टक्के धागे खालची खबर वर नेणारे असतात. भीती वाटली की ताणाची संप्रेरकं सुटतात. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, मोठं आतडं मात्र घाईला येतं. परीक्षेच्या सकाळी संडासाच्या फेऱ्या का होतात, ते आता कळलं असेल. त्यातून काही मुलांचं हे जाळं जात्याच हळवं. शेजारच्या मुलाला पत्ताही लागणार नाही एवढा वायू धरला तरी त्यांना कळ येते. सोनोग्राफीत ती दिसत नाही आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला की घरचे एक तर चिडतात, नाहीतर दुसरा डॉक्टर गाठतात.

मॅगीचा उलगडा यातच आहे. शाळेची वेळ टळली, ताण उतरला, आतडं सैल झालं, भूक लागली. पोरीने ठरवून काहीच केलेलं नसतं. पण घरी राहिलं की सुटका होते, हे मेंदू टिपून ठेवतो आणि पुढच्या सोमवारी कळ आणखी लवकर येते. सात वर्षांच्या मुलाकडे धाकधूक, अपमान असले शब्द नसतात, 'पोट' हा असतो. तसं मोठ्यांच्या मराठीतही भीती पोटातच राहते. गोळा तिथेच येतो, खड्डाही तिथेच पडतो.

मग करायचं काय? आधी डॉक्टरांना दाखवायचं, हे उघडच आहे. वजन घटत असेल, शौचात रक्त असेल, रात्री झोपेतून कळ उठवत असेल, दुखणं उजवीकडे खाली सरकत असेल, तर सोमवार-मंगळवार बघत बसू नये. आणि शाळाच सुटत चालली असेल तर समुपदेशक हवा. टेली-मानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक पालकांसाठीही आहे.

एरवीच्या दुखण्याबाबत अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लिन वॉकर आणि सहकाऱ्यांचा २००६ मधला प्रयोग मला फार बोलका वाटतो. मुलांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायला दिलं. काही पालकांना सांगितलं, मूल कुरकुरलं की दुखण्याचीच विचारपूस करा. काहींना सांगितलं, दुसरा विषय काढा. उरलेल्यांना काहीच सांगितलं नाही. या शेवटच्या गटाच्या तुलनेत, विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. विषय बदललेल्यांच्या निम्म्यावर आल्या. गंमत पुढेच आहे. पोटदुखीच्या मुलांच्या पालकांना विषय बदलणंच घातक वाटत होतं आणि मुलं सांगत होती, त्यानेच बरं वाटलं.

आमची आजी कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती चोळायची, "बसेल हं आत्ता" म्हणायची आणि त्याच हाताने दप्तर खांद्याला अडकवायची. हिंगाच्या गुणावर मी पैज लावणार नाही. दप्तरावर लावीन.

पण शाळेत धाडायचं तर तिथे काय वाढून ठेवलंय, तेही बघायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायलाच काय, मानसिक छळालाही बंदी आहे. तरी पाढा चुकला म्हणून वर्गासमोर हसं होणं कुठल्या नोंदीत येत नाही. "शाळेत काय झालं?" या प्रश्नाला "काही नाही" हेच उत्तर मिळतं. ताईने वेगळं केलं. तिने लेकीला वहीच्या मागच्या पानावर शाळेचा नकाशा काढायला लावला. वर्ग निघाला, नळ निघाला, झेंड्याचा खांब निघाला, मैत्रिणीसोबत डबा खायची पायरीसुद्धा निघाली. कोपऱ्यात एक चौकोन काढून तिने त्यावर फुली मारली. मुलींचं स्वच्छतागृह. कडी लागत नाही आणि मोठी मुलं दार ढकलून पळतात.

म्हणून ती दिवसभर जायचीच नाही. जायला लागू नये म्हणून पाणी प्यायची नाही. रोज संध्याकाळी बाटली भरलेली परत यायची आणि आम्ही कौतुकाने म्हणायचो, पोरगी बाटली सांडत नाही. धरून धरून बद्धकोष्ठ झालेलं. त्यावर दोन दिवसांच्या सुट्टीनंतर पुन्हा त्या दाराची भीती. यात मनाचं किती आणि पोटाचं किती, ते कुणी वेगळं काढावं?

वर्गाच्या बाईंना चिठ्ठी गेली. आता दोघी दोघी जातात. एक आत, दुसरी दाराला पाठ लावून बाहेर. मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी हवीत, असं कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय. कडीचं काही लिहिलेलं नाही आणि ती अजून बसलेलीही नाही. बाटली मात्र अर्धी रिकामी परत येते.