कमी गिगाहर्ट्झचा प्रोसेसर पुढे जातो तेव्हा

प्रोसेसर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती गिगाहर्ट्झ? आकडा मोठा तेवढा प्रोसेसर वेगवान, हे आपल्या मनात घट्ट बसलेलं आहे. ही समजूत किती अपुरी आहे ते दाखवायला मी नेहमी एकच जोडी पुढे करतो. एएमडी कंपनीचे रायझन ७ ५८००एक्स आणि रायझन ७ ५८००एक्स३डी.

पहिला नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आला, दुसरा एप्रिल २०२२ मध्ये. दोघांत ८ कोअर (प्रत्यक्ष हिशेब करणारे भाग), दोघांची अंतर्गत रचना झेन ३, दोघेही मदरबोर्डवरच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खाचेत) बसणारे. जुन्याचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, नव्याचा ४.५. म्हणजे नवा आला तोच कमी वेगाचा. तरीही बहुतेक गेममध्ये तो जुन्याच्या पुढे जातो, आणि काहींत तर चांगल्याच फरकानं. मोठा फरक एकच: जुन्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, झटपट मेमरी) ३२ मेगाबाइट, नव्यात ९६.

एरवी दोन प्रोसेसरांची तुलना करताना दहा गोष्टी एकदम बदललेल्या असतात, आणि कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. इथे जवळजवळ एकच गोष्ट बदललेली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवतात तसा हा स्वच्छ प्रयोग आहे, आणि म्हणूनच तो मला इतका आवडतो.

आता कॅशचं काम काय? फोडणी करताना मोहरी-हळद मिसळणाच्या डब्यातून हातासरशी मिळते. डब्यातली संपली तर फडताळातली बरणी काढायची. तीही रिकामी असेल तर गॅस बंद करून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचं. ती खेप पडली की हात कितीही चपळ असोत, स्वयंपाक थांबतो. प्रोसेसरच्या कोअरला अगदी चिकटून असलेली एल१ कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, एल३ म्हणजे फडताळ आणि रॅम, ही संगणकाची मुख्य मेमरी, म्हणजे वाण्याचं दुकान.

४.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साडेचार अब्ज ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटर पुरता जात नाही. एल१मधली माहिती चार-पाच ठोक्यांत हाती येते, एल३मधली पन्नासेक ठोक्यांत. रॅमपर्यंत जावं लागलं तर तीनशेच्या आसपास ठोके जातात. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर काही माहिती आधीच मागवून ठेवतो, पण गेममध्ये तो अंदाज वारंवार चुकतो. शेकडो पात्रं, त्यांच्या जागा, कोण कोणाला धडकलं, खेळाडूनं आत्ता कुठलं बटण दाबलं. ही माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, तिच्यातली बरीचशी पुन्हा लागते. फडताळ तिप्पट मोठं झालं की वाण्याकडच्या खेपा कमी होतात. दोनशे मेगाहर्ट्झचा तोटा त्यात सहज भरून निघतो.

हे जादा ६४ मेगाबाइट बसवले कुठे, हा भाग तर विलक्षण आहे. चिप आडवी न वाढवता तिच्यावर दुसरी चिप चढवली. दोन्हींमधले तांब्याचे सूक्ष्म बिंदू मध्ये सोल्डर न घालता थेट एकमेकांना जोडले. पण वर थर आला की खालच्या कोअरची उष्णता बाहेर पडायला अडचण होते, आणि या रचनेला जास्त व्होल्टेजही चालत नाही. म्हणून वेग थोडा उतरवावा लागला आणि नेहमीचं ओव्हरक्लॉकिंगही (ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं) बंद केलं गेलं.

हीच जोडी सिनेबेंचसारख्या त्रिमितीय चित्र रेखाटण्याच्या चाचणीला बसवा, निकाल उलटा लागतो. तिथे प्रत्येक कोअरला एका वेळी लागणारी माहिती बहुतांशी लहान कॅशमध्येच मावते. मोठं फडताळ नुसतं पडून राहतं आणि जास्त ठोक्यांचा ५८००एक्स काही टक्क्यांनी पुढे जातो. त्यामुळे ‘दोघांत चांगला कोणता?’ या प्रश्नाला काम सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

चाचणी कशी घेतली तेही बघायला हवं. फोर-के (खूप जास्त ठिपक्यांच्या) पडद्यावर गेम चालवला तर बहुधा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर जातो आणि दोन्ही प्रोसेसर सारखेच दिसतात. प्रोसेसरचा फरक दिसावा म्हणून जाणकार मुद्दाम कमी रिझोल्यूशनवर, म्हणजे कमी ठिपक्यांवर, मोजतात. रॅम आणि ग्राफिक्स कार्ड मात्र दोन्ही वेळा तेच हवं.

आणि नुसत्या सरासरीवर माझा विश्वास नाही. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १७ मिलिसेकंद. मधलीच एक फ्रेम ५० मिलिसेकंद अडली तर सरासरी जेमतेम हलते, पण डोळ्याला झटका जाणवतो. म्हणून सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा आकडा वेगळा देतात. परीक्षण वाचताना मी आधी तोच शोधतो, कारण मोठ्या कॅशचा फायदा कित्येकदा तिथेच उठून दिसतो.

उष्णतेची अडचण पुढे बरीचशी सुटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रायझन ७ ९८००एक्स३डीमध्ये कॅशची चिप कोअरच्या वर न ठेवता खाली घातली. कोअर वर आले, कूलरच्या जवळ. त्याचा कमाल वेग ५.२ गिगाहर्ट्झ आहे आणि ओव्हरक्लॉकिंगही पुन्हा खुलं झालं आहे.