फ्लूक वेगळा, सेरेंडिपिटी वेगळी

रंकाळ्यावर भेळ खाताना दहा वर्षांनी वर्गमित्र दिसला, की फोटोखाली लगेच 'सेरेंडिपिटी'. सेलमध्ये हवी तीच साडी निम्म्या किमतीत मिळाली, तरी सेरेंडिपिटी. परवा तर आमच्या गल्लीत कॅरमची राणी चुकून पॉकेटमध्ये गेली आणि कॉलेजात जाणारा भाचा ओरडला, "मामा, सेरेंडिपिटी!" म्हटलं, गप लेका, फ्लूक हाय तो.

फ्लूक म्हणजे काय हे कोल्हापुरात सांगत बसायची गरज नाही. नेम एकीकडे, सोंगटी दुसरीकडे, गुण मात्र आपल्या खात्यात. शब्दही खेळातलाच, 19व्या शतकात बिलियर्ड्सच्या टेबलावर रुळलेला. आपल्याकडे त्याला जुनं नाव आहे, घुणाक्षरन्याय. किडा लाकूड पोखरत जातो, पोखरता पोखरता एखादं अक्षर उमटतं. किड्याला ते वाचता येत नाही. फ्लूकबद्दल एवढं पुरे.

घोळ होतो तो दुसऱ्या शब्दाचा. हॉरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं 28 जानेवारी 1754 रोजी लिहिलेल्या एका पत्रात तो घडवला, सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. सेरेंडिप म्हणजे लंका. आपल्या सिंहलद्वीपाचं अरबांच्या तोंडी सरनदीब झालं, तिथून ते युरोपात गेलं. तेव्हा शब्द परका म्हणून कुणी नाक मुरडू नये.

वॉलपोलनं दिलेलं उदाहरण मात्र नीट बघा. रस्त्याच्या डाव्या बाजूचं गवत खाल्लेलं आहे, आणि उजवीकडचं जास्त चांगलं असूनही तसंच उभं आहे. एक राजपुत्र लगेच ओळखतो, इथून नुकतंच एक खेचर गेलंय आणि त्याचा उजवा डोळा आंधळा आहे. तो काही खेचर शोधायला निघाला नव्हता. गवत तर त्या वाटेनं जाणाऱ्या सगळ्यांनाच दिसलं असणार. वॉलपोलनं योगाच्या जोडीला चाणाक्षपणाही मागितला आहे, आणि नेमका तोच लोक गाळतात.

आमच्या एका मित्राचं घ्या. पुतण्यासाठी बारावीचं पुस्तक शोधत तो रद्दीच्या दुकानात गेला. गठ्ठ्यात मोडी लिपीतले चार कागद निघाले. ते महिनाभर तिथंच पडून होते, रद्दीवाल्यानं रोज पाहिलेले. मित्राला मोडी वाचता येते, म्हणून एका जुन्या पाणंदीच्या भांडणाचा निकाल त्याच्या हाती लागला. कागद दोघांनीही पाहिले, सेरेंडिपिटी एकाचीच. बारावीचं पुस्तक शेवटी मिळालंच नाही, ते राहू दे.

अलेक्झांडर फ्लेमिंगचंही तेच. सप्टेंबर 1928 मध्ये सुट्टी संपवून तो लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या प्रयोगशाळेत परतला. जिवाणू वाढवायला ठेवलेल्या एका बशीत बुरशी चढली होती. अशी बशी एरवी धुऊन टाकायची. बुरशी येऊन पडली हा निव्वळ योग होता. पण बुरशीभोवतीचे जिवाणू नाहीसे झालेत हे हेरून तो थांबला, आणि त्यातून पेनिसिलिन निघालं. 'फ्लेमिंगला लॉटरी लागली' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. लॉटरीचं तिकीट कुणीही फाडतं.

चार्ल्स गुडइयर मला काठावरचा वाटतो. गंधक मिसळलेलं रबर 1839 मध्ये चुकून तापलं आणि टिकाऊ झालं, हे खरं. पण तसं रबर तर तो वर्षानुवर्षं शोधतच होता. आपण शोधतोय तेच आडवाटेनं सापडलं, तर वॉलपोलच्या मापात ते बसत नाही.

हल्लीचे इंग्रजी शब्दकोश 'सुखद योगायोग' एवढ्या सैल अर्थालाही जागा देतात. देऊ देत. मला ते पटत नाही, कारण त्या कामाला मराठीत 'योगायोग' आहे, 'दैवयोग' आहे, आणि रोजच्या बोलण्यात 'लक' आहेच. इंग्रजीतून मराठी करताना सेरेंडिपिटीला नुसतं 'योगायोग' लिहिलं की अर्धा अर्थ सांडतो. त्यापेक्षा शब्द आहे तसा देवनागरीत ठेवावा, किंवा सरळ वाक्य लिहावं: शोधत होतो एक, दिसलं दुसरं, आणि त्याचं मोल ओळखता आलं.

आणि कृपा करून किरणोत्सवाला तरी यातलं काही म्हणू नका. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात, ती मंदिर बांधणाऱ्यानं दिशा साधली म्हणून. भाच्यानं परवा त्यावरही विचारलंच, "मग हा फ्लूक का?" त्याला म्हटलं, तू आधी राणी कव्हर कर.