शुक्रजंतूंच्या आकाराचे मूल्यमापन : मानवी व संगणकीय

वीर्यतपासणीत रंजित (रंग दिलेल्या) शुक्रजंतूंपैकी शेकडा किती सुघटित आहेत, हे ठरविण्याच्या दोन पद्धती. एकीत तंत्रज्ञ १००× तैलभिंगाखाली स्लाइड वाचतो. दुसरीत कॅमेऱ्याने टिपलेली प्रतिमा संगणक मोजतो. संख्या आणि गती यांपेक्षा आकाराच्या आकड्यात दोन प्रयोगशाळांचे मतभेद अधिक होतात.

निकषांचा उगम : सध्या रूढ असलेले ‘कठोर निकष’ दक्षिण आफ्रिकेतील टायगरबर्ग रुग्णालयात थिनस क्रूगर, रूलोफ मेन्कव्हेल्ड आणि सहकाऱ्यांनी साधारणपणे १९८० च्या दशकाच्या मध्यास रूढ केले. सुघटित कोणाला म्हणायचे, याचा आदर्श त्यांनी समागमानंतर गर्भाशयमुखाच्या वरच्या भागातील स्रावापर्यंत पोहोचलेल्या शुक्रजंतूंवरून घेतला. सीमारेषेवरचा प्रत्येक शुक्रजंतू सदोष धरणे हा या निकषांचा गाभा. परीक्षानळीतील फलनाच्या निष्पत्तीवरून क्रूगर यांनी १९८६ मध्ये सुघटित शुक्रजंतूंची १४ टक्क्यांची मर्यादा सांगितली, तर १९८८ मध्ये ४ टक्क्यांखालील गटाची वेगळी नोंद केली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत सुघटित शुक्रजंतूंची किमान सामान्य मर्यादा १९८७ मध्ये ५० टक्के, १९९२ मध्ये ३० टक्के आणि २०१० मध्ये ४ टक्के होती. ही घसरण पुरुषांच्या प्रजननक्षमतेची असल्याचे मत मांडले जाते. व्याख्याच दर आवृत्तीत कडक होत गेल्याने आकडे उतरले, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. २०१० चे ४ टक्के आणि क्रूगर यांचे ४ टक्के एकच समजणेही चूक ठरते. पहिला आकडा बारा महिन्यांच्या आत गर्भधारणा घडलेल्या जोडप्यांतील पुरुषांच्या पाचव्या शततमकातून (ज्याखाली शेकडा पाच जण येतात त्या आकड्यातून) आला आहे, दुसरा परीक्षानळीतील फलनाच्या निष्पत्तीवरून.

लेप आणि रंजन : वीर्य पातळ झाल्यावर ५ ते १० मायक्रोलिटरचा थेंब स्लाइडवर घेऊन दुसऱ्या स्लाइडने सुमारे ४५ अंशांत ओढतात. कोन कमी ठेवला किंवा हात सावकाश चालवला तर लेप पातळ होतो. लेप जाड झाला की डोकी एकमेकांवर चढतात. असे शुक्रजंतू, तसेच आडव्या कडेवर पडलेली डोकी, मोजणीत धरत नाहीत. पापानिकोलाऊ या रंगवण्याच्या पद्धतीत डोक्याची लांबी ३.७ ते ४.७ आणि रुंदी २.५ ते ३.२ मायक्रोमीटर अपेक्षित असते. ॲक्रोसोमने (डोक्याच्या टोकावरील टोपीसारख्या पिशवीने) डोक्याचा ४० ते ७० टक्के भाग व्यापलेला हवा. डिफ-क्विक या दुसऱ्या रंजनपद्धतीत डोकी थोडी मोठी दिसतात आणि वीर्यातील प्रथिनांमुळे पार्श्वभूमीही रंगते.

दोन्ही वाचनांतील फरक : संगणक रंग आणि पार्श्वभूमी यांच्या फरकावरून डोक्याची कड शोधतो. ती कड दोन्ही बाजूंनी केवळ ०.१ मायक्रोमीटर बाहेर सरकली, तरी ३.१ रुंदीचे डोके ३.३ होऊन सदोष गणले जाते. म्हणून पापानिकोलाऊसाठी जुळवलेली सीमामूल्ये डिफ-क्विकच्या स्लाइडवर वापरल्यास निकाल सरकतो. फिकट रंगलेली शेपटी आणि मानेजवळचा अवशिष्ट कोशिकाद्रव्याचा थेंब यंत्राकडून सुटतो. डोक्याच्या आकाराचा कचरा मात्र त्याला शुक्रजंतू वाटू शकतो. तीच स्लाइड पुन्हा दिल्यास यंत्र जवळपास तोच आकडा देते, ही त्याची खरी जमेची बाजू. तंत्रज्ञ शेपटी, मान आणि डोके एका नजरेत जोखतो, पण दिवसागणिक त्याचा निकष ढिला किंवा कडक होत जातो. प्रमाण स्लाइड नियमित वाचून घेतल्या नाहीत तर हे ध्यानातही येत नाही.

मतभेदाचा मोठा वाटा दोघांपैकी कोणाचाच नसतो. २०० शुक्रजंतूंत ४ टक्के म्हणजे फक्त ८. केवळ नमुन्यातील योगायोगाने खरे प्रमाण सुमारे २ ते ८ टक्क्यांत कुठेही असू शकते. यासाठी दोन स्लाइडवर प्रत्येकी २०० मोजून ताडून पाहतात. ३ आणि ५ टक्क्यांच्या अहवालांत रुग्णाने भीती किंवा दिलासा शोधू नये.

नव्या प्रणाली : प्रतिमांवरून शिकणाऱ्या प्रणालींची कसोटी शेवटी मानवी वर्गीकरणावरच होते. चिली येथील स्कियन या प्रतिमासंचात १८५४ डोक्यांच्या प्रतिमा तीन तज्ज्ञांनी पाच वर्गांत विभागल्या आहेत. तज्ज्ञांचे एकमत जिथे तुटते, तिथे यंत्राचे उत्तर चूक की बरोबर हे ठरविण्यास आधार उरत नाही. नमुन्यातील सर्वच शुक्रजंतूंची डोकी गोल व ॲक्रोसोमविना असण्याची विकृती मात्र दोन्ही पद्धतींत सहज ओळखू येते, आणि उपचाराच्या दृष्टीने तीच टक्केवारीहून महत्त्वाची असते.