चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांदीच?

दिवाळीची भांडी घासताना जुना तांब्या हाती लागला की, जालना असो की लातूर, घरातलं कुणीतरी लोहचुंबक आणतंच. 'चिकटलं नाही, म्हणजे चांदीच!' अहो, पितळ-तांब्यालाही चुंबक चिकटत नाही. जर्मन सिल्व्हरलाही नाही. त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी गुंजभरही नाही. बघायचं ते बुडाची कड आणि कडीचा सांधा. मुलामा असेल तर झिजल्या जागी पिवळट-तांबूस धातू डोकावतो. अर्धा किलोची शुद्ध चांदी काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवली, तर सुमारे ४८ मिली पाणी सांडतं. तेवढंच जर्मन सिल्व्हर ५८च्या आसपास सांडवतं. काळपटपणाला भिऊ नका, तो हवेतल्या गंधकाचा. मोडीत नक्षीला दाम नाही, फक्त वजनाला. आणि गुलाबदाणीच्या पोकळ बैठकीत लाख भरलेली असली तर तीही त्यातून वजा.