बॅटरी उद्योग आणि वीजसंरक्षण इलेक्ट्रॉनिक्स

वीज गेली किंवा तिचा दाब चढला-उतरला, तरी यंत्राला सुरळीत पुरवठा मिळावा म्हणून बसवायची उपकरणे म्हणजे वीजसंरक्षण इलेक्ट्रॉनिक्स. यूपीएस, इन्व्हर्टर आणि चार्जर ही त्यांतली नेहमीची नावे. शिसे-आम्ल बॅटऱ्या बनवणारे अनेक उत्पादक पुढे या धंद्यात उतरले. ग्राहक तोच होता हे एक कारण खरे, पण मूळ कारण बॅटरीच्या रसायनात आहे.

बॅटरीचे निम्मे आयुष्य कारखान्यात ठरते, उरलेले चार्जरच्या हाती असते. 2 व्होल्टच्या सेलला फ्लोट चार्जिंगमध्ये, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच राहावी म्हणून सतत जोडून ठेवताना, साधारण 2.25 व्होल्ट लागतात. त्याहून जास्त दाब सतत राहिला, तर पाणी उडते आणि धन पट्टीची जाळी गंजते. कमी पडला, तर पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते. तापमान सुमारे 10 अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. चूक चार्जरची असली तरी तक्रार येते बॅटरीवाल्याकडे. मग चार्जर आपणच का बनवू नये, हा विचार ओघानेच येतो.

या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण अमेरिकेतले. फिलाडेल्फियात 1888 मध्ये निघालेल्या इलेक्ट्रिक स्टोरेज बॅटरी कंपनीच्या कुळातून यूपीएस बनवणारी एक्साइड इलेक्ट्रॉनिक्स पुढे आली. 1997 मध्ये ती ब्रिटिश बीटीआर समूहाने घेतली, व्यवसायाला पॉवरवेअर हे नाव मिळाले आणि 2004 मध्ये तो ईटन या वीज-उपकरणे बनवणाऱ्या कंपनीकडे गेला. ईटनचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. चिंचवडचा बॅटरी कारखाना मात्र भारतीय एक्साइडचा. नाव एक असले तरी ही कंपनी वेगळी. तीही घरगुती इन्व्हर्टर विकते.

पुणेकरांना या उपकरणांची खरी ओळख भारनियमनाने करून दिली. 2006 मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या जनरेटरांची वीज वापरून शहर भारनियमनातून सोडवण्याचा प्रयोग झाला. तो ‘पुणे मॉडेल’ म्हणून राज्यभर चर्चेत राहिला. महिन्याच्या बिलात थोडा जादा आकार भरून ग्राहकांनी तो पेलला, ही कौतुकाची गोष्ट. तरी दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची प्रथा राहिलीच. घरोघरी जिन्याखाली किंवा गॅलरीत इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी (नळीदार धन पट्ट्यांची शिसे-आम्ल बॅटरी) आली, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरायची सवयही लागली.

बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सची ही जोडी पुढे आणखी घट्ट झाली. लिथियम बॅटरीत तर सेलचा दाब आणि तापमान राखणारे सर्किट पेटीच्या आतच असते. शिसे-आम्ल बॅटरी आणि इन्व्हर्टर अजून जोडीने, एकाच बिलावर विकले जातात. हमीपत्रे मात्र बहुधा दोन, वेगवेगळ्या मुदतींची.