स्मार्ट घराचे स्थानिक नियंत्रण

घरातील दिवे, पंखे, प्लग, कुलपे, सेन्सर ही जोडलेली उपकरणे कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला मध्ये न घेता घरातल्याच नेटवर्कवरून चालवण्याची पद्धत. निर्णय कुठे होतो, हा तिचा गाभा. ‘दार उघडले की दिवा लाव’ हा नियम घरातल्या एखाद्या लहान संगणकावर साठवलेला असेल आणि तोच तो अमलात आणत असेल, तर नियंत्रण स्थानिक. हाच नियम कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर दिवा डोक्यावर टांगलेला असला तरी नियंत्रण क्लाउडचे.

फोन आणि बल्ब एकाच खोलीत, एकाच राउटरला जोडलेले असतात. तरीही क्लाउडवर चालणाऱ्या बल्बसाठी ॲपमधले बटण दाबले की आज्ञा आधी घराबाहेर पडते, सर्व्हरवर पोचते, तिथे खाते आणि परवानगी तपासली जाते आणि मग बल्बने आधीच धरून ठेवलेल्या जोडणीवरून ती माघारी घरात येते. या वळशाला कारण आहे. राउटर बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या जोडण्या सहसा अडवतो. उपकरणानेच आतून बाहेर जोडणी केली की ग्राहकाला राउटरच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही आणि ॲप घरी व परगावी सारखेच चालते. सगळा दोष कंपन्यांच्या डेटाच्या हावेला देणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल. मात्र या सोयीसाठी आपण काय गहाण टाकले, हे ग्राहकाला बहुधा सर्व्हर बंद पडल्यावरच कळते.

रिव्हॉल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातली उपकरणे एकत्र जोडणारा डबा, हे त्याचे ठळक उदाहरण. २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टने त्याची कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ रोजी तिची सेवा थांबवली. हार्डवेअर धडधाकट असूनही हब निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट घराच्या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद झाले. त्या वेळी एक गोष्ट ध्यानात येण्यासारखी होती : ॲप मेले, पण एकमेकांशी जोडून ठेवलेले भिंतीवरचे स्विच आणि दिवे चालतच राहिले, कारण त्यांच्यातली जोडणी त्यांच्याच स्मृतीत होती. कंपनी बुडायलाच हवी असेही नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनची क्लाउड सेवा काही तास कोलमडली, तेव्हा एट स्लीपच्या तापमान राखणाऱ्या गाद्यांवरचा लोकांचा ताबा सुटला. नंतर कंपनीने ब्लूटूथवरून चालणारी पर्यायी सोय दिली.

खरे तर घराचे ऑटोमेशन सुरुवातीला स्थानिकच होते. १९७५ मध्ये आलेली एक्स-१० ही पद्धत घरातल्या विजेच्या तारांवरूनच संकेत पाठवी. इमारतींमध्ये वापरल्या जाणाऱ्या केएनएक्स पद्धतीत तर मध्यवर्ती संगणकही लागत नाही. नियम उपकरणांतच वाटलेले असतात. ‘स्थानिक’ हे विशेषण जोडायची वेळ क्लाउड रुळल्यावर आली.

रेडिओची निवड इथे महत्त्वाची ठरते. झिगबी आणि झेड-वेव्ह या वाय-फायहून वेगळ्या बिनतारी पद्धतींची उपकरणे इंटरनेटची भाषा बोलत नाहीत, त्यामुळे असा सेन्सर आपण होऊन बाहेर काही पाठवू शकत नाही. त्याचे सगळे बोलणे हबशी. पण तो हब कंपनीच्या सर्व्हरला बांधलेला असेल, तर झिगबी असून उपयोग नाही. खोक्यावर ‘झिगबी’ वाचून निर्धास्त होणारे इथेच फसतात. म्हणून जाणकार यूएसबीचा कोऑर्डिनेटर, म्हणजे झिगबीचे जाळे सांभाळणारा छोटा रेडिओ, घेऊन तो स्वतःच्या संगणकाला लावतात. तो थेट यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये खोचू नये. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो आणि सेन्सर अधूनमधून गायब होऊ लागतात. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावली की दुखणे बहुधा जाते. झिगबीत कायम विजेवर चालणारी उपकरणे शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवतात. त्यामुळे कोणी सवयीने भिंतीवरचा साधा स्विच बंद करून स्मार्ट बल्बची वीजच तोडली, तर पलीकडच्या खोलीतला सेन्सरही मुका होऊ शकतो.

वाय-फाय उपकरणांचे स्वातंत्र्य त्यांच्या फर्मवेअरवर, म्हणजे आत भरलेल्या सॉफ्टवेअरवर, अवलंबून असते. २०१४ मध्ये आलेल्या ईएसपी८२६६ या स्वस्त चिपमुळे हौशी मंडळींना वाट सापडली. मूळ फर्मवेअर पुसून टास्मोटा किंवा ईएसपीहोम हे मुक्त फर्मवेअर चढवले की तोच प्लग घरातल्या संगणकाचे ऐकू लागतो. निरोपांची देवाणघेवाण बहुधा एमक्यूटीटीने होते. हा प्रोटोकॉल, म्हणजे निरोपांचा ठरलेला नियमसंच, १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी लिहिला गेला, म्हणून अंगाने अगदी सडपातळ आहे. ‘घर/बैठक/दिवा’ अशा पत्त्यावर ‘चालू’ एवढा एक शब्द टाकायचा. ज्याने तो पत्ता ऐकत राहायचे ठरवले आहे, त्याला तो मिळतो.

हे सगळे एकत्र बांधणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरपैकी ओपनहॅब २०१० पासून, तर पॉलस स्कूटसेन यांनी सुरू केलेले होम असिस्टंट २०१३ पासून आहे. होम असिस्टंट प्रत्येक जोडणीवर ती स्थानिक आहे की क्लाउडची, आणि उपकरण स्वतः खबर देते की त्याला पुन्हा पुन्हा विचारावे लागते, हे नोंदवून ठेवते. दुसरा भेद वाटतो तितका किरकोळ नाही. कोणी हाताने दिवा लावला, तर खबर देणारे उपकरण ते लगेच कळवते. विचारावे लागणाऱ्या उपकरणाची अवस्था पुढच्या फेरीपर्यंत पडद्यावर चुकीची दिसत राहते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामाईक मानकाने स्थानिक संवाद हाच पाया मानला. एकच बल्ब वेगवेगळ्या कंपन्यांच्या नियंत्रकांना एकाच वेळी जोडता येतो. तरीही उत्पादकाची खास वैशिष्ट्ये आणि फर्मवेअरचे अपडेट यांसाठी अनेकदा कंपनीचे ॲप लागतेच.

एखादे उपकरण खरोखर स्थानिक आहे का, हे पाहण्याची चाचणी सोपी आहे. राउटर चालू ठेवून फक्त इंटरनेटची वायर काढायची आणि उपकरण वापरून पाहायचे. मग त्याची वीज घालवून पुन्हा द्यायची. काही उपकरणे चालू असेपर्यंत नीट वागतात, पण नव्याने सुरू होताना सर्व्हर सापडला नाही तर अडून बसतात.

स्थानिक म्हणजे आपोआप सुरक्षित, हा समज खोटा आहे. कित्येक उपकरणे घरातल्या नेटवर्कवर पासवर्ड न विचारता आज्ञा पाळतात, म्हणून त्यांना वेगळ्या नेटवर्कवर ठेवून बाहेरचा मार्ग बंद करतात. त्यासाठी राउटरचे पाहुण्यांचे वाय-फाय मात्र सहसा कामाचे नाही. तिथे उपकरणे एकमेकांपासूनही तोडलेली असतात आणि नियंत्रकालाच ती दिसत नाहीत. परगावाहून घर पाहायचे असेल, तर वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग, वापरतात. आवाजाने आज्ञा देण्यासाठी व्हिस्परसारखे बोलणे ओळखणारे मॉडेल घरीच चालवता येते, पण लहानशा संगणकावर उत्तर रेंगाळते.

देखभाल मात्र घरमालकाच्या गळ्यात पडते. राउटर नव्याने सुरू झाल्यावर उपकरणांचे पत्ते बदलू नयेत म्हणून ते राखून ठेवावे लागतात. नियंत्रक संगणकाचे मेमरी कार्ड सतत लिहून झिजते, म्हणून बॅकअप दुसरीकडे हवा. सूर्यास्ताची वेळ अक्षांश-रेखांशांवरून घरच्या घरी काढता येते, पावसाचा अंदाज मात्र बाहेरूनच आणावा लागतो. आणि घड्याळ विसरून चालत नाही. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय या लहान संगणकाच्या ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर बॅटरीचे घड्याळ नसते. वीज आणि इंटरनेट एकदमच गेले आणि नुसती वीज परत आली, तर बोर्डाची वेळ मागे पडलेली असते आणि संध्याकाळचे दिवे भलत्याच वेळी लागतात. त्यावर बटण-सेलचे एक छोटे घड्याळ मॉड्यूल बोर्डाच्या पिनांवर बसवतात.